पहिला डेंटल इम्प्लांट पेशंट निवडताना

डॉक्टर, सुरुवात एक्स-रेने नको, औषधांच्या पिशवीने करा. पेशंटला सगळ्या गोळ्या घेऊनच बोलवा. 'हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईन' किंवा 'सहा महिन्यांनी एक इंजेक्शन' असं काही ऐकलं, तर थांबा: झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब असू शकतं, आणि त्याने जबड्याचं हाड कुजण्याचा धोका असतो. पेशंट हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ती 'गोळी' नसतेच!

मग एवढं बघा:

- शुगर: एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) ताजी हवी. ८ टक्क्यांच्या वर असेल तर आधी फिजिशियनकडे.
- तंबाखू, मिश्री, सिगारेट: नाव घेऊन विचारा.
- हिरड्या: रक्त, पू असेल तर आधी ते उपचार.
- जागा: सीबीसीटीवर (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनवर) खालच्या जबड्यातल्या नसेपासून २ मिमी, शेजारच्या दातापासून १.५ मिमी अंतर उरायला हवं.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे हाड मोजायचं आणि वरच्या कॅपला उंची आहे का, हे विसरायचं. समोरचा दात खाली उतरला असेल तर इम्प्लांट बसतो, कॅप बसत नाही. तोंड पुरेसं उघडतं का, हेही हँडपीस (ड्रिल) आत धरून पाहा.

पहिली केस खालची एकच दाढ घ्या. पुढचे दात, सायनस लिफ्ट (वरच्या जबड्यात सायनसखाली हाड वाढवणं) सध्या नकोच.