वाचकांचे प्रश्न : बंद दाराआड काढलेली चित्रे

मागील अंकात २०२० सालातील निषेधचित्रांविषयी एक छोटे टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. त्या वर्षी अमेरिकेत झालेल्या कलेविषयी वाचताना करोनाची साथ आणि कृष्णवर्णीयांचे आंदोलन ही दोन नावे नेहमी जोडीनेच येतात. एक आजार आहे, दुसरा सामाजिक अन्याय. त्यांचा खरोखर काही संबंध आहे, की दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या म्हणून लिहिणारे त्यांची मोट बांधतात?

उत्तर : संबंध आहे, आणि तो एकाच माणसाच्या शेवटच्या काही महिन्यांत दिसतो. जॉर्ज फ्लॉइड हे मिनियापोलिस शहरातल्या एका उपाहारगृहात सुरक्षारक्षक होते; टाळेबंदीत ते उपाहारगृह बंद झाले आणि त्यांची नोकरी गेली. एप्रिलच्या आरंभी त्यांना करोनाची लागण झाल्याचे चाचणीत दिसले होते, ही नोंद पुढे त्यांच्या शवविच्छेदनाच्या अहवालात आली. त्या आजारातून ते वाचले. २५ मे २०२० रोजी, दुकानात दिलेली वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना पकडले, आणि एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून अधिक काळ त्यांच्या मानेवर गुडघा रोवून ठेवला. आपल्याला श्वास घेता येत नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यातच त्यांचा मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटले. साऱ्या जगाला ज्या काळात श्वासाचीच धास्ती लागली होती, त्या काळात हे शब्द ऐकले गेले.

दुसरा संबंध घरात बसण्याचा. घरी राहणे हे सर्वांच्या हाती नव्हते. बस चालवणारे, रुग्णालयात झाडलोट आणि शुश्रूषा करणारे, दुकानात माल लावणारे यांना कामावर जावेच लागत होते, आणि अमेरिकेत या कामांवर कृष्णवर्णीय व लॅटिनो, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेतली, माणसे मोठ्या संख्येने आहेत. साथीतही हे समाज लोकसंख्येतल्या आपल्या वाट्याच्या मानाने अधिक मृत्युमुखी पडले. छायाचित्रकार कॅरी मे वीम्स यांनी २०२० मध्ये सिरॅक्युज विद्यापीठाच्या साहाय्याने जी मोहीम हाती घेतली, तिचा रोख नेमका इथे होता. त्यांनी आपली छायाचित्रे आणि साधी सूचनावजा वाक्ये मोठ्या फलकांवर लावलीच, शिवाय ती खरेदीच्या पिशव्यांवर आणि चर्चमध्ये वारा घेण्यासाठी वापरतात त्या हातपंख्यांवरही छापली. सहा फुटांचे अंतर राखा, हा निरोप ज्या वस्त्यांत सर्वांत आधी पोहोचायला हवा होता, तिथे कलादालने नसतात. पिशवी मात्र प्रत्येक घरात असते. आपल्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे हे उदाहरण आहे, कारण चित्र कोणत्या वस्तूवर आहे हाही चित्राचाच भाग असतो, हे त्यातून सहज कळते.

प्रश्न : साथीच्या काळात मीही पुण्यात घरात बसून चित्रे काढली, पण ती सारी खिडकीची, कुंडीची आणि स्वतःच्या चेहऱ्याची. रस्त्यावर न उतरता चित्रकाराला अन्यायाविरुद्ध उभे राहता येते का? की घरात बसून काढलेले निषेधाचे चित्र मुळातच पोकळ असते?

उत्तर : आपण हा प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एमी शेराल्ड या अमेरिकी चित्रकर्तीचे नाव मिशेल ओबामा यांच्या व्यक्तिचित्रामुळे २०१८ मध्ये जगभर पोहोचले. त्यांच्याविषयीची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. २०१२ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांच्यावर हृदयप्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून अशा व्यक्तीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायमची घ्यावी लागतात, आणि मग साथीच्या दिवसांत गर्दीत शिरणे म्हणजे जिवाशी खेळ ठरतो. २०२० च्या उन्हाळ्यात देशभर मोर्चे निघत होते तेव्हा शेराल्ड त्यांत जाऊ शकत नव्हत्या. त्या काळात त्यांनी जे चित्र काढले, ते त्या लढ्यातला आपला वाटा आहे, अशीच त्यांची भावना होती.

चित्र होते ब्रिओना टेलर या तरुणीचे. लुईव्हिल शहरात आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे शिक्षण घेऊन काम करणारी ही २६ वर्षांची मुलगी १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर आपल्या घरात असताना पोलिसांनी दार फोडले आणि त्यांच्या गोळ्यांनी ती मेली. त्याच दिवशी अमेरिकेत करोनासाठी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. देशाचे लक्ष साहजिकच तिकडे गेले आणि तिचे नाव सर्वदूर पोहोचायला मे महिना उजाडावा लागला.

शेराल्ड एरवी आधी समोरच्या व्यक्तीची छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून रंगवतात. इथे समोर बसायला कोणीच नव्हते. त्यांनी ब्रिओनाची उपलब्ध छायाचित्रे न्याहाळली, तिच्यासारख्या अंगलटीची एक स्त्री शोधली, आणि जॅस्मिन एल्डर या कृष्णवर्णीय वस्त्ररचनाकार स्त्रीकडून एक पायघोळ पोशाख करवून घेतला. आता चित्राकडे जवळून पाहा. पोशाख फिरोजी रंगाचा आहे आणि मागची पार्श्वभूमीही त्याच रंगाची. कापड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते, हे केवळ घड्यांच्या सावल्यांवरून कळते. त्या सगळ्या निळाईत चेहरा आणि हात मात्र राखाडी छटांत आहेत, कारण शेराल्ड त्वचा नेहमीच करड्या रंगांत रंगवतात. रंगावरून माणूस ओळखण्याची आपली जी सवय आहे, तिला तिथे आधारच उरत नाही. एक हात कमरेवर आहे, गळ्यात सोन्याचा लहानसा क्रूस आहे, आणि नजर थेट आपल्यावर आहे. बोटात अंगठी आहे. तिचा मित्र तिला लग्नाची मागणी घालणार होता, हे शेराल्ड यांना कळले होते, आणि जी अंगठी बोटात चढायची राहून गेली ती त्यांनी चित्रात चढवली.

हे चित्र ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकाच्या सप्टेंबर २०२० च्या अंकाच्या मुखपृष्ठावर आले. त्यात पोलीस नाहीत, रक्त नाही, घोषणा नाही. माझ्या मते त्या वर्षीच्या निषेधचित्रांतले सर्वांत ठाम चित्र हेच आहे, कारण मृत्यूची बातमी होऊन गेलेल्या मुलीला त्याने तिचे साधे, अपुरे राहिलेले आयुष्य परत दिले. हे काम मोर्चात चालता चालता झाले नसते. त्याला बंद खोलीतले दीर्घ, एकाग्र दिवसच हवे होते.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. पीटर ब्रॅथवेट हे ऑपेरा गायक. त्यांचे घराणे मूळचे बार्बाडोस बेटावरचे. टाळेबंदीत त्यांचे कार्यक्रम रद्द झाले. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या वस्तू वापरून प्रसिद्ध चित्रांचे देखावे उभे करण्याचे आवाहन केले होते. बहुतेकांनी ते गंमत म्हणून केले. ब्रॅथवेट यांनी मात्र २०२० च्या एप्रिलपासून जुन्या युरोपीय चित्रांतली कृष्णवर्णीय माणसे शोधायला सुरुवात केली. कुणी मालकिणीच्या मागे तबक घेऊन उभा, कुणी चित्राच्या कडेला अर्धा कापलेला, बहुतेकांची नावेसुद्धा नोंदलेली नाहीत. ब्रॅथवेट स्वतः त्यांच्या जागी उभे राहिले आणि छायाचित्रे काढली. अशी शंभराहून अधिक चित्रे झाली. सतराव्या शतकातल्या एका चित्रात मौल्यवान वस्तूंच्या ढिगाऱ्याशेजारी एक कृष्णवर्णीय तरुण दिसतो. तो देखावा उभा करताना ब्रॅथवेट यांनी आजीने शिवलेली ठिगळांची गोधडी वापरली. धन्याच्या संपत्तीच्या चित्रात आपल्या आजीची गोधडी येऊन पडली की चित्र कोणाचे, हा प्रश्न कुणाला वेगळा विचारावाच लागत नाही. गोधडी आपल्याही घरात असते, म्हणून मराठी वाचकाला ही जागा विशेष भिडेल, असे मला वाटते.

आपल्या कुंडीच्या चित्रांविषयी इतकेच सांगतो की ती काढण्यात काहीही कमीपणा नव्हता. पण खिडकीतून जे दिसत नव्हते, त्याचा शोध घरात बसूनही घेता येत होता, हे या दोघांनी दाखवले.

प्रश्न : नागपूरहून लिहितो आहे. दुसऱ्याच्या दुःखावर नाव आणि पैसा मिळवण्याचा हा प्रकार नाही का? गोऱ्या कलावंतांना आणि मोठ्या संग्रहालयांना याविषयी बोलण्याचा अधिकार कोणी दिला?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि ती तेव्हाही उघडपणे घेतली गेली. ७ जून २०२० रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात निदर्शकांनी एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा पाडून बंदरात ढकलला. जुलैच्या मध्यात एका पहाटे मार्क क्विन या गोऱ्या शिल्पकाराने त्या रिकाम्या चौथऱ्यावर, निदर्शनात सामील झालेल्या जेन रीड या कृष्णवर्णीय स्त्रीचा मूठ उंचावलेला पुतळा कुणाला न विचारता उभारला. नगर प्रशासनाने तो दुसऱ्याच दिवशी उतरवला. त्या चौथऱ्याचे काय करायचे हे ब्रिस्टलच्या लोकांनी ठरवावे, अशी महापौरांची भूमिका होती. कृष्णवर्णीय शिल्पकार थॉमस जे. प्राइस यांनीही क्विन यांच्या कृतीवर कडक टीका केली. पुतळा वाईट नव्हता, पण ज्या जागेसाठी लोक झगडले तिथे पहिला हक्क कोणाचा, हे क्विन यांनी स्वतःला विचारायला हवे होते.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाचे प्रकरण मला याहून गंभीर वाटते. कृष्णवर्णीय छायाचित्रकारांनी आंदोलनाच्या मदतीसाठी आपली छायाचित्रे अगदी कमी किमतीत विक्रीला ठेवली होती. संग्रहालयाने ती त्या किमतीत घेतली आणि कलावंतांची संमती न घेता त्यांचे प्रदर्शन योजले. मोबदला म्हणून आजन्म मोफत प्रवेशाचा पास देऊ केला. कलावंत संतापले आणि ऑगस्ट २०२० मध्ये प्रदर्शन रद्द करावे लागले. ज्या संस्थेकडे प्रतिष्ठा आणि पैसा दोन्ही आहे, तिने गरजूंसाठी ठेवलेल्या किमतीचा लाभ घ्यावा, याचे समर्थन होऊ शकत नाही.

याच्या उलट बाजूला शेराल्ड यांचे तेच चित्र आहे. दोन प्रतिष्ठानांच्या दहा लाख डॉलरच्या साहाय्याने लुईव्हिलचे स्पीड कलासंग्रहालय आणि वॉशिंग्टनमधले आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय यांनी ते २०२१ मध्ये संयुक्तपणे घेतले. तो पैसा शेराल्ड यांनी ब्रिओनाच्या नावाने शिष्यवृत्त्या देण्यासाठी लुईव्हिल विद्यापीठाकडे वळवला. म्हणून मी कलावंताचा वर्ण पाहण्याआधी दोन गोष्टी पाहतो : ज्यांचे दुःख आहे त्यांना विचारले होते का, आणि पैसा कुठे गेला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी विचारते की कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी मराठी माणसाचे काय नाते. तिला काय सांगू?

उत्तर : तिला १८७३ सालापासून सांगा. त्या वर्षी प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ महात्मा फुले यांनी, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ मध्ये मुंबईत तरुण लेखक-कवींनी जी संघटना काढली तिचे दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरूनच घेतले होते. तुमची मुलगी जिथे राहते तिथला तो इतिहास आणि तिच्या आजी-आजोबांच्या गावचा हा इतिहास, यांच्यात दीडशे वर्षांचा पत्रव्यवहार आहे.

प्रश्न : रस्त्यांवर आणि भिंतींवर जे काढले गेले, ते आज उरले आहे का?

उत्तर : काही गेले, काही लोकांनी जपले. ५ जून २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये, व्हाइट हाउसकडे जाणाऱ्या रस्त्यावर महापौरांच्या आदेशाने सुमारे ३५ फूट उंचीच्या पिवळ्या अक्षरांत ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’, म्हणजे कृष्णवर्णीयांचे प्राण मोलाचे आहेत, असे रंगवले गेले. अमेरिकी संसदेत शहराचा निधी रोखण्याची धमकी देणारे विधेयक आल्यावर मार्च २०२५ मध्ये ती अक्षरे यंत्रांनी उखडून काढण्यात आली. सरकारी हुकमाने रंगवलेले सरकारी दडपणाने गेले, याचे मला दुःख झाले. आश्चर्य मात्र वाटले नाही.

मिनियापोलिसची गोष्ट निराळी आहे. तिथे दुकानदारांनी तोडफोडीच्या भीतीने काचांवर प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर ओळखीच्या-अनोळखी माणसांनी चित्रे काढली, नावे लिहिली, शोक लिहिला. दुकाने पुन्हा उघडू लागली तशा फळ्या उतरवल्या जाऊ लागल्या. केंडा झेल्नर-स्मिथ आणि लीसा केली या दोन तरुण कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्या फळ्या कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून दुकानांकडून मागून आणल्या. अशा शेकडो फळ्या जमल्या. त्यांत कसलेल्या चित्रकारांनी काढलेली चेहऱ्यांची चित्रे आहेत, तशा फवाऱ्याच्या रंगाने घाईघाईत एखादा शब्द लिहिलेल्या फळ्याही आहेत, आणि चांगले-वाईट न निवडता सगळ्याच ठेवल्या आहेत. बाहेरच्या वापराचा नसलेला प्लायवूड पावसाने फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून त्यांना कोरडी जागा लागते आणि ती मिळवण्याची खटपट करावी लागते. मे २०२१ मध्ये, फ्लॉइड यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या सुमारास, त्यातल्या कितीतरी फळ्या शहरातल्या एका उद्यानात उघड्यावर मांडल्या होत्या.