सौर प्रकल्पाची जागा : ऊन पाहावे की उष्णता?

प्रश्न : आमच्या धुळे जिल्ह्यात उन्हाळा कडक असतो. सौर प्रकल्पासाठी सर्वांत जास्त तापणारी जमीन निवडावी का?

उत्तर : नाही. पॅनेलमध्ये वीज उष्णतेपासून नव्हे, तर प्रकाशापासून तयार होते. सिलिकॉन पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यातल्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर दहावा हिस्सा सहज जातो. तरीही महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प साक्री तालुक्यात उभा आहे, कारण पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात कोकणापेक्षा ढगाळ दिवस कमी असतात. म्हणून आधी वर्षभराचा सूर्यप्रकाश तपासा आणि वारा खेळता राहील अशी मोकळी जागा पाहा. खडी क्रशरलगतची जमीन मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. काचेवरची धूळ धुवायला ऐन उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार?