आग लागलेल्या ठिकाणी पोचल्यावर जवान लगेच आत का घुसत नाहीत, आणि त्यांचा अधिकारी बाहेरच का उभा राहतो?

तुमचा प्रश्न रागातून आलाय हे दिसतंय, आणि तो राग समजण्यासारखा आहे. तुम्ही लिहिलंय की समोरच्या इमारतीत आग लागली, गाडी आली, अधिकारी आधी इमारतीभोवती चक्कर मारून आला, दोघे जवान पाण्याने भरलेला होज (पाइप) घेऊन बंद दारापाशी गुडघ्यावर बसून राहिले, पहिलं पाणी खिडकीतून बाहेरूनच मारलं, आणि साहेब शेवटपर्यंत आत गेलाच नाही. मी नव्या जवानांना शिकवायचं काम करतो. ती आग मी पाहिलेली नाही, तेव्हा तिथे सगळं बरोबरच झालं असं म्हणणार नाही. पण तुम्हाला खटकलेल्या या चारही गोष्टी आम्ही मुद्दाम शिकवतो.

दारापासून सुरू करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

पूर्वी घरात लाकूड, कापूस, लोकर असायची. आता सोफ्यात पॉलियुरेथेन फोम असतो, पडदे-गालिचे सिंथेटिक, बाकी प्लॅस्टिक. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने जुन्या पद्धतीच्या आणि आजच्या सामानाने सजवलेल्या खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. आजच्या खोलीत ५ मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला, म्हणजे खोलीतल्या प्रत्येक वस्तूने जवळपास एकदम पेट घेतला. जुन्या खोलीला त्याच टप्प्यावर पोचायला अर्धा तास लागला. वर्दी देणं, गाडी निघणं, रस्ता कापणं यात किती वेळ जातो ते तुम्हीच बघा. आम्ही पोचतो तेव्हा ती ५ मिनिटं बहुधा संपलेली असतात.

पण एवढ्या वेगाने जळणाऱ्या आगीला हवाही तेवढीच लागते. लाकूड असो की फोम, १ किलो ऑक्सिजन खर्ची पडला की साधारण १३ मेगाज्यूल उष्णता निघते. दारं-खिडक्या बंद असतील तर खोलीतला ऑक्सिजन लवकर घटतो आणि ज्वाळा बसतात. बाहेरून वाटतं आग विझत आली. प्रत्यक्षात खोली तापलेल्या, जळू शकणाऱ्या धुराने भरलेली असते. धूर हे इंधनच आहे, ही गोष्ट नव्या पोरांच्या गळी उतरवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अशा वेळी कुणी दार सताड उघडलं की चुलीत फुंकणी घातल्यासारखं होतं. दोन-तीन मिनिटांत खोली पेटते, आणि तेवढ्यात आत गेलेला जवान नेमका मधोमध असतो.

म्हणून दार उघडण्याआधी होजमध्ये पाणी भरलेलं हवं, मास्क चढवलेला हवा, आणि एकाचा हात दारावर हवा. आत शिरल्यावरही दार होज जाईल एवढंच उघडं ठेवायचं. दार धरून उभं राहणं हे त्या एका जवानाचं पूर्ण काम असतं. फोटोत ते फार शूर दिसत नाही, हे मान्य.

(आणि गर्दीतला कुणीतरी ‘धूर जाऊ दे’ म्हणून दगडाने काचा फोडतो ना, तो नेमकं उलटं करतो. आमच्या हिशोबात काच फोडणं म्हणजे आगीला हवा देणं. पाणी तयार असल्याशिवाय आम्ही स्वतःही ते करत नाही.)

आता चक्कर. समोरून दिसते ती इमारतीची एकच बाजू. उतारावरच्या घरात पुढून तळमजला दिसतो तो मागून पहिला मजला असतो, आणि आग खालच्या मजल्यावर असली तर पुढच्या दारातून जाणारा माणूस थेट आगीच्या डोक्यावर चालत जातो. मागे एखादी बाई खिडकीत उभी असू शकते. वारा कुठून येतोय, धूर कुठून जोराने बाहेर फेकला जातोय आणि कुठून हवा आत ओढली जातेय, गॅसची सिलिंडरं कुठे आहेत, वीज चालू आहे का, हे सगळं त्या एका फेरीत बघायचं असतं. धुराच्या रंगापेक्षा त्याचा वेग मला जास्त सांगतो: संथ तरंगणारा धूर वेगळा, आणि दाबाने उकळत, गोळे होत बाहेर पडणारा वेगळा. दुसरा दिसला की फ्लॅशओव्हर जवळ आहे असंच धरायचं. इमारत अवाढव्य असेल तर पूर्ण फेरी शक्य नसते. मग मागच्या बाजूला दुसऱ्याला पाठवून रेडिओवर विचारायचं.

बाहेरून पाणी मारण्यावर आमच्यातच खूप भांडणं झाली. जुनी शिकवण अशी की बाहेरून पाणी मारलं तर आग आतल्या बाजूला ढकलली जाते आणि आत अडकलेला माणूस वाफेने भाजतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स बेटावर तिथल्या अग्निशमन दलाने, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने आणि अंडररायटर्स लॅबोरेटरीजने मिळून रिकाम्या घरांत खऱ्या आगी लावल्या आणि ही समजूत मोजमाप करून तपासली. खिडकीतून सरळ धार छताकडे मारली तर आतल्या खोल्यांचंही तापमान उतरलं. अडचण होते ती फवाऱ्याने किंवा धार गरगर फिरवण्याने. त्याने खिडकी झाकली जाते, बाहेर पडणारा धूर कोंडतो, आणि पाण्याबरोबर हवाही आत ओढली जाते.

हिशोब सोपा आहे. १ लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर ते सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. म्हणजे ५ लिटर पाणी नीट वाफ झालं की १ किलो ऑक्सिजनने दिलेली सगळी उष्णता फिटली. म्हणून काही सेकंद बाहेरून मारून आगीचा जोर मोडायचा आणि लगेच आत जायचं. यातला ‘लगेच’ फार महत्त्वाचा आहे. बाहेरून पाणी मारत तिथेच रेंगाळणारी तुकडी मला अजिबात आवडत नाही. आत माणूस असेल तर शोध घ्यायला आतच जावं लागतं.

प्रशिक्षणाबद्दल तुम्ही थोडंसंच विचारलंय, पण मला तिथे थोडं थांबायचंय. धूर वाचायला फळ्यावर शिकवता येत नाही. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये लोखंडी कंटेनरात पार्टिकल बोर्ड जाळून जवानांना आत बसवायची पद्धत सुरू झाली, ती आता जगभर पसरली आहे. डोक्यावर धुराचा थर खाली येताना दिसतो, त्यात जिभांसारख्या ज्वाळा सरकायला लागतात, आणि प्रशिक्षक पाण्याचे छोटे छोटे फटके मारून तो थर कसा थंड करायचा ते दाखवतो. एकदा हे बघितलेला माणूस खऱ्या आगीत वर बघायला विसरत नाही.

दुसरं, हवेचा हिशोब. पाठीवरच्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने साधारण २००० लिटर हवा मावते. मिनिटाला ४०-५० लिटर धरले तर कागदावर ४० मिनिटं येतात. पण पायऱ्या चढून, होज ओढत, भीतीने धापा टाकणारा माणूस त्याच्या दुप्पट हवा खातो, आणि ४० ची २० मिनिटं होतात. बीए सेटची (म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राची) हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली की बाहेर निघायचं, असं बऱ्याच पोरांना वाटतं. आम्ही शिकवतो की शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही बाहेर पोचलेले असायला हवेत. मास्कवर काळा कागद लावून भिंतीला हात ठेवत खोली शोधणं, होजच्या जोडावर हात फिरवून पंपाची बाजू, म्हणजे बाहेरची वाट, ओळखणं, आणि अडकलो तर लाज न बाळगता रेडिओवर ‘मेडे’ (मी संकटात आहे, मदत पाठवा) म्हणणं, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं. माणूस आणखी थोडा प्रयत्न करून बघू म्हणतो आणि हवा संपवतो.

उशीर का परवडत नाही, ते अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या दलाने २००१ मधल्या एका सुपरमार्केटच्या आगीत आपला जवान गमावल्यावर घेतलेल्या चाचण्यांतून कळतं. मोठ्या इमारतीत अडकलेल्या एका जवानाला बाहेर काढायला १२ जण आणि सुमारे २१ मिनिटं लागली. शिवाय सोडवायला गेलेल्यांपैकी साधारण पाचातला एक स्वतःच अडचणीत आला. वरचा हवेचा हिशोब आता याच्या शेजारी ठेवून बघा.

म्हणूनच साहेब बाहेर असतो. आत गेलेल्याला हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही. छत खचतंय का, धुराचा रंग बदलला का, कोण किती वेळ आत आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. एका माणसाने साधारण पाच जणांचाच थेट ताबा ठेवावा असा संकेत आहे. त्याहून जास्त झाले की मध्ये आणखी एक प्रमुख नेमायचा. हुकूम छोटा द्यायचा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. नोझल (होजचं तोंड) हातात घेतलेला अधिकारी आणखी एक जवान होतो आणि आगीवर अधिकारीच उरत नाही.

तो ठरवतो कसं, हेही रंजक आहे. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आगीवरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. ते दोन पर्याय तरी ताडून बघत असतील अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षात बहुतेक जण एकाच पर्यायावर जात होते: प्रसंग ओळखीचा वाटला की पहिला सुचलेला उपाय मनात चालवून बघायचा, जमला तर हुकूम. म्हणून अनुभव लागतो. पण यातच धोकाही आहे, कारण ओळखीची वाटणारी आग कधी कधी तशी नसते. मी अधिकाऱ्यांना सांगतो की पाणी मारून दोन मिनिटांत धुरात फरक पडला नाही, तर मनातलं चित्र चुकलंय असं समजा आणि पुन्हा बघा.

सगळ्यात अवघड हुकूम मात्र थांबायचा असतो. ३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेत वूस्टरमधल्या एका खिडक्या नसलेल्या, बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसं असतील म्हणून जवान गेले, पण ती आधीच निघून गेली होती. दोन जवान धुरात वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघे परतले नाहीत. बाकीचे जिन्याकडे धावत होते, तेव्हा माइक मॅकनेमी हा अधिकारी दारात आडवा उभा राहिला आणि त्याने कुणालाही वर जाऊ दिलं नाही. आपलेच सहा जण आत असताना. फिनिक्सच्या दलाने रूढ केलेला नियम आज बहुतेक ठिकाणी शिकवतात: वाचू शकेल अशा जिवासाठी मोठी जोखीम, मालमत्तेसाठी थोडी, आणि जे आधीच गेलंय त्यासाठी काहीच नाही. पाठ करायला सोपा आहे.

असा हुकूम ऐकला जाईल का, हे मात्र आगीच्या जागी ठरत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च इथे वणवा विझवायला गेलेल्या १६ जणांना आगीने गाठलं. वॅग डॉज या म्होरक्याने पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या जागेत या म्हणून हाका मारल्या. कुणी आलं नाही. तो आणि आणखी दोघे वाचले, १३ जण गेले. उपाय बरोबर होता, पण त्या तुकडीने त्याच्या हाताखाली फारसं काम केलेलं नव्हतं आणि असलं काही कुणी कधी पाहिलेलंही नव्हतं. म्हणून अधिकाऱ्याने रोजच्या कवायतीत पोरांबरोबर घाम गाळावा, ‘का’ विचारू द्यावं आणि उत्तर द्यावं, असा माझा हट्ट असतो.

आता तुमच्या कामाचं. पुन्हा असा प्रसंग आला तर निघताना आपल्यामागे दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. काचा फोडू नका, आणि कुणी फोडत असेल तर अडवा. आणि त्या बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला गाठून तीन गोष्टी सांगा: आत कोण आहे, कुठल्या खोलीत, आणि शेवटचं कधी पाहिलं. सगळे बाहेर आले असतील तर तेही सांगा. त्यावरून तो दारापाशी बसलेल्या त्या दोघांना आत पाठवायचं की नाही हे ठरवतो.