पियानोवर संगीतकार शोपाँचा ओपस 42 (रचना क्रमांक 42) वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाची रचना, मला झेपेल का?

पाच वर्षं शिकताय आणि शोपाँचाच ओपस 64 नंबर 2 वॉल्ट्झ बऱ्यापैकी वाजतो म्हणता, तर झेपेल. पण सहा-आठ महिने धरून चला. 1840 चा हा वॉल्ट्झ वेगाआधी लयीत अडवतो. सुरुवातीच्या ट्रिलनंतर (शेजारचे दोन सूर भराभर आलटून-पालटून वाजतात ती जागा) डावा हात तीन मोजतो आणि उजव्या हातातली चाल तेवढ्यातच दोन ठोके टाकते, तेही बहुतेक करंगळी-अनामिकेवर. चालीच्या सुरांमधले भरणीचे स्वर दबके हवेत. एवढाच भाग मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) संथ वाजवून बघा, काय ते तिथेच कळेल. पुढच्या पळत्या जागा सरावानं बसतात.

नागपूरच्या धरमपेठेतल्या तुमच्या फ्लॅटमधला 61 कीजचा कीबोर्ड मात्र पुरणार नाही, खालचे सूर संपतात. 88 वेटेड कीज (पियानोसारख्या जड पट्ट्या) हव्यातच. आणि मे महिन्यात कूलरच्या घरघरीत हेडफोन लावा भाऊ, नाहीतर मधले स्वर किती जोरात पडतायत ते ऐकूच येणार नाही.