मुठीला विचार, मला नको

अगं, रात्री दीड वाजता अकरा स्क्रीनशॉट पाठवतेस आणि खाली लिहितेस, "सर, नेमबाजीच्या मॅचसाठी दोन्हीपैकी कुठलं पिस्तूल घेऊ, फक्त नाव सांगा, पप्पा उद्या पैसे भरणार आहेत." उद्या कुणी काही भरायचं नाही. पप्पांना माझा नंबर दे, मी बोलतो.

तुझा तक्ता बघितला. एका बाजूला पार्दिनी एसपी, दुसऱ्या बाजूला वॉल्थर एसएसपी, मधे नळीची लांबी, वजन, किंमत, कोण कोण चॅम्पियन काय वापरतं. मेहनत केलीयस, पण बघ की, दोन्ही .22 बोअरची, दोन्हीचं मॅगझीन ट्रिगरच्या पुढे, दोन्हीत 5 गोळ्या, दोन्ही 1400 ग्रॅमच्या आत, दोन्हीचा ट्रिगर 1000 ग्रॅमवर लावून चेकिंगला वजन लटकवून पास करायचा. कागदावर ही जुळी भावंडं आहेत. कागदावर तुला फरक सापडणारच नाही, म्हणून तर झोप उडालीय तुझी.

नाव मी सांगणार नाही. तुझी मूठ सांगेल.

आता तुझा स्कोअर काढ. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश फेरीला 285, रॅपिडला, म्हणजे झटपट फेरीला 271. प्रिसिजनला 5 मिनिटांत 5 गोळ्या असतात, तिथं ग्रिप वाकडी बसली तरी तू मनगट हलवून, श्वास घेऊन, परत खाली घेऊन जमवतेस. रॅपिडला हात खाली 45 अंशात, 7 सेकंद वाट बघायची, मग 3 सेकंद टार्गेट समोर आणि तेवढ्यात एक गोळी. त्या 3 सेकंदांत फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, शोधायला वेळच नसतो गं, हात वर आला की ती मागच्या बॅकसाइटच्या खाचेत आपोआप हजर पाहिजे. नसली तर तू मनगटानं ओढतेस, आणि ओढलेली गोळी कुठं जाते ते तुझ्या टार्गेटवर दिसतंच आहे, डावीकडं आठच्या रिंगणात.

म्हणून, पिस्तूल रिकामं आहे ते दोनदा बघून, टार्गेटकडं तोंड करून, डोळे मिट. हात उचल. डोळे उघड. फोरसाइट मधे आहे का? दहा वेळा कर. मग दुसरं पिस्तूल घे, परत दहा वेळा. दहातल्या आठ वेळा जे मधे येतं ते तुझं, मग ते इटलीचं असो नाहीतर जर्मनीचं.

"सर, ग्रिप नंतर कापून घेता येते ना?" येते. आणि इथंच माझी जखम आहे. मी तुझ्याएवढा असताना आमच्या रेंजवर जो सगळ्यात भारी मारायचा त्याच्यासारखंच पिस्तूल घेतलं, आईच्या पाटल्या गहाण ठेवून. उचलून बघितलंच नव्हतं. लाकडी ग्रिप मोठ्या मापाची, माझा हात लहान, ट्रिगरवर बोटाचं टोक कसंबसं पोचायचं. दोन वर्षं कानस घेऊन बसलो, इकडं घास, तिकडं पुट्टी भर, वाळली की परत घास, घरभर लाकडाचा भुसा. ग्रिप तळहाताला बसली एकदाची, पण बोट काही लांब झालं नाही. राज्य स्पर्धेत रॅपिडच्या शेवटच्या पाच गोळ्यांच्या सिरीजला फोरसाइट पाचही वेळा डावीकडं. पाचही वेळा!

लोक म्हणतात सरांनी हट्ट सोडून ते विकायला पाहिजे होतं. विकून काय करणार होतो? लायसन्सवर चढवलेलं हत्यार म्हणजे जुनी सायकल नाही, आणि आईला काय सांगायचं होतं मी? आठ वर्षं त्यानंच मारलं आणि त्यानंच शिकलो, आज तुला जे सांगतोय ते त्यातूनच आलंय, त्यामुळे अगदीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पिस्तूल वाईट नव्हतंच. माझ्या हाताचं नव्हतं.

कुठलं बिघडत नाही असंही विचारलंयस. सगळी बिघडतात. टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं एअर पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मधेच बिघडलं, फायनल हुकली, आणि 2024 ला पॅरिसमध्ये तिनं दोन ब्राँझ घेतली. तुझ्या या सेमी-ऑटो पिस्तुलांत तर गोळीच्या धक्क्यानंच बोल्ट मागं जातो, गोळी मंद निघाली की तो पुरता जात नाही आणि रिकामी पुंगळी अडकते. म्हणून ज्या बॅचच्या गोळ्या तू मारणार त्याच दोन्ही पिस्तुलांतून मारून बघायच्या. आणि आपल्या रेंजवर कुणाकडं तेच मॉडेल आहे ते बघ, स्प्रिंग तुटली तर बाहेरून येईपर्यंत उसना पार्ट तरी मिळेल. एवढं बास, याच्यावर आणखी तक्ता करू नकोस.

कोल्हापूरची म्हणून राहीताईंचं, राही सरनोबतचं, उदाहरण तू मला देतेस. 2018 ला जकार्तात एशियन गेम्सच्या फायनलला 34-34 बरोबरी, मग बरोबरी फोडायचं पहिलं शूट-ऑफ 4-4, दुसरं 3-2, आणि गोल्ड. तिथं प्रत्येक गोळीला हात खालून वर आला असेल ना? तेवढंच बघ. हातात कुठल्या कंपनीचं होतं ते विचारू नकोस मला.

चिडलोय असं वाटेल तुला. थोडा चिडलोयच. पप्पांनी सोसायटीचं कर्ज काढलंय हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

रविवारी सकाळी सातला रेंजवर ये. दोघांशी बोललोय, दोन्ही पिस्तुलं येतील, मालक शेजारी उभे राहतील. मॅचला घालतेस तेच बूट घाल. हाताला क्रीम लावू नकोस, लाकडावर सरकतं. फोन बॅगेत. आणि आधी कुठलं हातात देतोय ते मी सांगणार नाही, डोळे मिटूनच घ्यायचं.