अ‍ॅडिसनचा आजार कोणत्या लक्षणांवरून ओळखायचा?

या आजारात मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं (हार्मोन) पुरेशी बनवत नाहीत. थकवा, वजन घटणे, मळमळ ही लक्षणं अनेक आजारांत दिसतात, म्हणून निदान रखडतं. खरी खूण त्वचेवर असते: तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळपट होतात. कॉर्टिसॉल कमी पडल्यावर मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला चालना देणारं संप्रेरक) वाढवते आणि त्यामुळे मेलॅनिन हे त्वचेतलं रंगद्रव्य वाढतं. दोष पिट्यूटरीतच असेल तर हा काळेपणा येत नाही. शरीरातलं मीठ राखणारं अल्डोस्टेरॉनही घटल्याने खारट खावंसं वाटतं, उभं राहताच चक्कर येते; रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसॉल व एसीटीएच तपासा. उलट्या, पोटदुखी, रक्तदाब कोसळणे म्हणजे संप्रेरकांच्या तीव्र तुटवड्याची जीवघेणी अवस्था, अ‍ॅड्रिनल क्रायसिस: अहवालाची वाट न पाहता प्रौढांना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ इंजेक्शन आणि शिरेतून सलाईन, तेही रुग्णालयात, ताबडतोब.