बेळगावच्या पावसात रुपेरी पानांची झाडं काळी का पडतात?

तुम्ही विचारलंय की टिळकवाडीतल्या घरी आणलेली डस्टी मिलरसारखी रुपेरी पानांची झाडं दर जुलैत काळी पडून कुजतात आणि घरात आणून ठेवली की हिरवट होऊन लांबुडकी वाढतात. मग ही झाडं बेळगावात होतच नाहीत का? होतात. मी अनगोळात १५ वर्षं लावतेय. पहिली तीन वर्षं माझीही सगळी गेली होती, कारण 'रुपेरी' म्हणून सगळ्यांना मी एकच वागणूक देत होते.

आधी पान हलक्या हाताने चोळून बघा.

बोटाला मखमल लागली तर ती लव आहे. डस्टी मिलर, लॅम्ब्स इअर आणि आपला दवणा, सगळे या घरातले. नखाने खरवडलं की खाली साधं हिरवं पान निघतं. ही लव ऊन परतवते आणि पानालगतची हवा धरून ठेवते, म्हणून पाणी कमी उडतं. डस्टी मिलर मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. तिकडे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस थंडीत पडतो. आपल्याकडे ऐन उबेत चार महिने झड. लव भिजली की भिजलेल्या घोंगड्यासारखी सुकतच नाही आणि आत बुरशी धरते. तुमचं जुलैतलं काळं पान ते हेच.

बोटाला पांढरं पीठ लागलं आणि पानावर ठसा उमटला तर ते मेण. अथणीकडच्या द्राक्षांवर असतं ना, तसं. एचेव्हेरिया, बिस्मार्क पाम यांची चांदी ही मेणाची. ती एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा नीट भरत नाही, म्हणून ही पानं फडक्याने पुसायची नाहीत आणि कडुनिंबाचं तेलही फवारायचं नाही.

चोळून काहीच झालं नाही, तर पानाच्या सालीखाली हवेचे बारीक कप्पे आहेत आणि उजेड त्यांवरून उसळतो. सॅटिन पोथॉस, पिलिया म्हणजे अॅल्युमिनियम प्लांट, हे असे. हे आग्नेय आशियातल्या दाट रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. घरात ठेवायचे ते हे. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, थेट ऊन लागणार नाही असे. लवेच्या झाडांना घरात उजेड पुरत नाही, म्हणून ती उंच पळतात, लव विरळ होते आणि हिरवं दिसू लागतं. तुम्ही घरात आणलेल्या झाडांचं तेच झालं.

लवेच्या झाडांचं वेळापत्रक मी दवण्याकडून शिकले. दवणा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास पेरतात. थंडीच्या कोरड्या उन्हात तो रुपेरी होऊन सुगंधाला येतो आणि चैत्र पौर्णिमेला आपली माणसं जोतिबाला जातात तेव्हा वाहायला तयार असतो. पावसाळ्याशी त्याचा संबंधच येऊ दिलेला नाही. डस्टी मिलरलाही मी असंच धरते. जूनमध्ये नर्सरीत कितीही टवटवीत दिसलं तरी घेत नाही. दसऱ्यानंतर आणते आणि मेपर्यंत भरपूर ऊन देते. दवणा एका हंगामाचाच, डस्टी मिलर मात्र जपलं तर वर्षानुवर्षं राहतं.

जपायचं म्हणजे मृगाच्या आधी कुंडी छपराखाली आणायची. पण पडवीच्या कोपऱ्यात दाटीने लावू नका. वर पारदर्शक पत्रा आणि चारी बाजूंनी वारा हवा, दोन कुंड्यांत वीतभर अंतर हवं. खालची पिवळी पानं काढत राहा. पाणी पानांवर नको, बुडाशी द्या, तेही बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. पावसाळ्यात माझ्याकडे आठ-आठ दिवस पाण्याची गरज पडत नाही. माझं माहेर खानापूर तालुक्यात. तिथे हवेतच इतकं पाणी असतं की छपराखालीही लॅम्ब्स इअर टिकलं नाही. बेळगावातही मी ते लावा असं सांगणार नाही.

कुंडीत दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग जांभ्याचे बारीक खडे आणि एक भाग जुनं शेणखत, एवढंच. खत जास्त झालं, विशेषतः युरिया, की पानं मऊ, मोठी आणि हिरवी येतात. चांदी थोड्या उपासमारीतच खुलते.

माझी नणंद अथणीला असते. तिथे पाऊस थोडा, पण काळी माती पाणी सोडत नाही, म्हणून तिचीही मुळं कुजायची. आता तिने मुरूम आणि खडी घालून फूटभर उंच वाफा केलाय. त्यावर ल्युकोफायलम या लवेच्या झुडपाचं कुंपण छान रुपेरी उभं आहे आणि जांभळी फुलंही येतात. आपली रुई बघा, शनिवारी मारुतीला वाहतो ती. पांढरट पानांची आणि भर पावसातही उघड्यावर उभी. पण ती मुरमाड उतारावर, पाणी थांबत नाही तिथेच फोफावते.

एका गोष्टीत मी दोनदा फसले आहे. पिठ्या ढेकूण पांढरा आणि पानही पांढरं, त्यामुळे कीड दिसतच नाही. आठवड्यातून एकदा पान उलटून देठाच्या बेचक्यात बघा. पान चिकट लागलं किंवा मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर तो आहेच. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून तेवढ्याच जागी टिपा. सगळ्या झाडावर साबणाचं पाणी मारलं तर लव पुन्हा भिजते.

घरी गाय, म्हैस किंवा शेळी असेल तर डस्टी मिलर तिच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. त्यातलं विष यकृतावर जातं. छाटलेल्या फांद्याही वैरणीत पडू देऊ नका. मांजर असेल तर सॅटिन पोथॉस उंचावर टांगा.